अपुऱ्या गाडीची वाटणी

आमच्या घरानं गाडी बुक केली तेव्हा चूल एक होती. गाडी दारात आली तेव्हा चुली दोन झाल्या होत्या आणि अंगणात मधोमध भिंत उभी होती. यात आमचा दोष किती आणि गाडीच्या कंपनीचा किती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. गाडी वेळेवर मिळाली असती तर सगळे मिळून माहूरला जाऊन आलो असतो आणि भांडायचं कदाचित राहूनही गेलं असतं.

पण कंपनी तरी काय करणार? समुद्रापलीकडच्या कुठल्याशा देशात मोठा पूर आला, तिथला चिप बनवणारा कारखाना पाण्यात गेला आणि इकडे गाड्या अडून राहिल्या. चिप नखाएवढी असते, असं शोरूमवाल्यानं सांगितलं. नखाएवढ्या वस्तूपायी एवढी मोठी गाडी अडते, हे माझ्या थोरल्या दिरांना काही पटेना. पटवत बसायला वेळ मात्र भरपूर होता.

त्याच वेळात दोघा भावांचं वाजलं. आम्ही आदिलाबादजवळ भाजीपाला पिकवणारी माणसं. टमाटर आदिलाबादच्या बाजारात विकायचे की नागपूरला न्यायचे, यावर वाद झाला. थोरल्यांनी आदिलाबादला विकले आणि दुसऱ्याच दिवशी नागपूरचा भाव चढला. तो भाव माझ्या नवऱ्यानं उठताबसता इतका ऐकवला, की एका जेवणात थोरल्यांनी ताट सारलं आणि वेगळं व्हायचं म्हणाले. आम्हा जावांचंही फार गुळपीठ होतं असं नाही. मी भाजीत तेल जास्त घालते हा त्यांचा आक्षेप, आणि त्या माझ्या माघारी झाकण उघडून बघतात हा माझा. भिंत उभी राहिली तेव्हा सुरुवातीला मला बरंच वाटलं. पुढे मात्र कितीही तेल घातलं तरी कोणी काही म्हणेना, आणि माझं स्वयंपाकातलं लक्षच उडालं.

अशात गाडी आली, आणि तिच्यासोबत किल्ली आली एकच. ही किल्ली म्हणजे काळं बटण. त्याच्यातही चिप असते म्हणे, म्हणून सध्या गिऱ्हाईकाला एक देतात, दुसरी माल आल्यावर. पैसे दोघा भावांचे, नाव थोरल्यांचं, चालवता येते फक्त माझ्या नवऱ्याला. शेवटी गावातली चार वडीलधारी माणसं बसवावी लागली. शेत, विहिरीची पाळी, भांडी, सगळ्याची वाटणी त्यांनीच करून दिली होती. त्यांनी बराच विचार करून निकाल दिला, की अपुऱ्या वस्तूची वाटणी होत नसते. दुसरी किल्ली येऊ द्या. मग किंमत करा, एकानं गाडी ठेवा, दुसऱ्यानं पैसे घ्या, आणि मग तुमचा एकमेकांशी काही संबंध उरला नाही. तोवर गाडी थोरल्यांच्या फाटकात राहील आणि किल्ली धाकट्याच्या खिशात.

याच्यापेक्षा मोठा घोळ चौघा शहाण्यांनी मिळून कधी घातला नसेल. फाटकाचं कुलूप थोरल्यांकडे, आणि आपल्यावाचून गाडी फाटकाबाहेर जाणार नाही हा त्यांचा हट्ट. त्यामुळे आम्हाला इचोड्याला लग्नाला जायचं असलं की त्यांनाही लग्नाचे कपडे घालावे लागत. त्यांना दवाखान्यात जायचं असलं की आमचे हे तिथल्या बाकावर बसून असत. पहिल्या खेपेला थोरले मागच्या सीटवर ऐसपैस बसले, तर इचोड्यातल्या एका ओळखीच्या दुकानदारानं ड्रायव्हर केव्हा ठेवला म्हणून विचारलं. आमचे हे परतीच्या वाटेवर गाडी उभी करून खाली उतरले आणि मी कुणाचा नोकर नाही, असं बाभळीकडे बघून बोलले. तेव्हापासून थोरले पुढे बसायला लागले आणि मागची सीट आम्हा दोघी जावांकडे आली. मधे पिशवी ठेवायची, दोघींनी आपापल्या खिडकीतून बघायचं, असं आमचं चाले.

पुढे बसलेल्या दोघांना एकमेकांशी बोलायचं नव्हतं. पण पुराबद्दल बोलायला हरकत नव्हती, कारण पूर काही आमच्या भाऊबंदकीत नव्हता. आमचे हे मोबाइलवर गाड्यांच्या धंद्याच्या बातम्या वाचत. कारखाना साफ झाला, माल बंदरात आला, येत्या सणापर्यंत बाजार सावरणार, असं ते समोरच्या काचेला सांगत. थोरले तेलुगू बातम्या बघत, आणि त्यांचा अंदाज मळ्यावरून बांधलेला असे. तेही काचेलाच सांगत, की पाणी गेलं म्हणून काय झालं, वावर वापशावर आल्याबिगर, जादा ओल सुकून माती मोकळी झाल्याबिगर नांगर धरता येत नाही. मशीनचं वापशाशी काय देणंघेणं, असं यांनी काचेला विचारलं की थोरले हसत. गाडीच्या धंद्याचं पुढे काय होणार, यावर आदिलाबाद येईपर्यंत दोघांचं चाले. भाजीबाजारात तर लोक टमाटर घेता घेता विचारायला लागले, की सध्या नवी गाडी घ्यावी का थांबावं. हे म्हणत घ्या, पलीकडच्या गाळ्यावरून थोरले म्हणत थांबा.

हळूहळू मागची पिशवी पायाशी गेली. एकदा जाऊबाईंनी भाजलेले फल्लीदाणे पुढे केले, मी घेतले. मला ते दिवस आवडायला लागले होते, हे सांगायला आता कसली लाज? पण त्याबरोबर भीतीही होती. आमच्यात वाटायची राहिलेली वस्तू ही एकच होती. किल्ली आली की फाटक बंद, मग कोण कुणाचं? शोरूममधून फोन आला की माझ्या हातातलं लाटणं थांबायचं.

किल्ली मात्र येईना. फोन करून करून आमचे हे वैतागले. मी एकदा चष्म्यासाठी बसनं आदिलाबादला निघाले, तर म्हणाले, शोरूममध्ये स्वतः जाऊन विचार आणि आणल्याशिवाय येऊ नको. मी मनात देवीला म्हटलं, नसू दे आलेली.

काउंटरवरच्या मुलीनं नाव बघितलं, खणातून छोटा डबा काढला आणि समोर ठेवला. आत काळं बटण होतं.

"कब आया?" मी विचारलं.

"बहुत दिन हो गए, मेडम. आपके घर से एक मेडम आए थे। बोले, अभी देना नहीं, आदमी लोगां को बोलना भी नहीं। पूछे तो बोलो, माल नहीं आया."

कोण आलं होतं, कशी होती, म्हणून विचारलं. ती हसत म्हणाली, नाव नाही सांगितलं, पण जाताना पिशवीभर वांगी देऊन गेल्या, एकदम ताजी.

आमच्या जाऊबाई वाटणीनंतर वांग्याचं एक देठ भिंतीवरून इकडे पडू देत नव्हत्या. त्या बाईनं बसचे धक्के खात येऊन अनोळखी पोरीला पिशवीभर वांगी दिली होती, किल्ली येऊ नये म्हणून. मला तिथंच रडू आलं. मुलगी घाबरून पाणी घेऊन आली. मी डबा तिच्याकडे सारला आणि परत खणात ठेव म्हटलं. द्यायला माझ्याकडे वांगी नव्हती, म्हणून नुसते हात जोडले.

घरी पोचले तर दोघे भाऊ फाटकात गाडी धूत होते आणि जाऊबाई ओट्यावर मेथी निवडत होत्या. आमच्या ह्यांनी ओला फडका हातात धरूनच विचारलं, आणली का? थोरलेही माझ्याकडे बघायला लागले. जाऊबाईंनी मान वर केली नाही, पण त्यांची बोटं जुडीवरच थांबली.

"नाही आली," मी म्हटलं. "तिकडं अजून पूर उतरला नाही म्हणते."

थोरले सरळ भावाकडे वळले. "मी तुले काय सांगून राह्यलो होतो? वापसा आल्याबिगर काई होत नाही."

"खरं हाय, दादा," आमचे हे म्हणाले आणि खाली बसून चाक पुसायला लागले.

जाऊबाईंनी मेथीची टोपली बाजूला सारून ओट्यावर जागा केली.

"लई मोठा पूर होता म्हणतात," त्या म्हणाल्या. "इतक्यात कसा उतरंल? ये, बस इथं. चहा इकडंच घे."