आमच्या अलायन्सनं आज मतदानच बंद केलं

मंडळी, दुपारपासून डोकं सुन्न आहे.

मोबाईलवरच्या एका युद्धाच्या गेममध्ये मी आमच्या अलायन्सची, म्हणजे एकत्र खेळणाऱ्यांच्या गटाची, प्रमुख होते. लढायचं की तह करायचा, गोदामातलं धान्य कोणाला द्यायचं, सगळं आम्ही मतदानानं ठरवायचो.

आज प्रमुखाची निवडणूक होती. माझ्याविरुद्ध जवळच्याच अभनपूर गावचे एक भैया उभे होते. त्यांचा प्रचार एवढाच, "एक बार चुन लो, फिर वोट देने की झंझट खतम." ते निवडून आले आणि लगेच मतदान कायमचं बंद करून टाकलं. त्या घोषणेखाली सगळ्यांनी टाळ्यांचे इमोजी टाकले.

इथेच समता कॉलनीत राहणारी माझी धाकटी बहीणही आमच्यातच खेळते. मी तिला फोन लावला.

"तू कोणाले मत दिलं?"

"त्याहिलेच."

"काहून?"

"ताई, तू दर गोष्टीत मत विचारत होती. थकून गेली मी. आता ते सांगतीन, आम्ही करू."

"अन् उद्या तुलेच हाकललं तर?"

"मले काहून हाकलतीन? मी तर त्यायचं ऐकून राहिली न."

किती निवांतपणे बोलली ती. गेमच आहे, कळतं मला. पण माझ्या जागी तिला तुम्ही काय म्हणाला असता?