ग्राउंडशीटखालची चाल

ऐंशीच्या दशकात आमची कंपनी मॅप रीडिंगच्या ट्रेनिंगसाठी अंबरनाथला आली. तंबू पालेगावच्या माळावर. उस्ताद होते सुभेदार माने. त्यांनी सुरुवातीला नकाशाच दिला नाही. आधी फक्त होकायंत्र, मग फक्त पावलं मोजणं. ते अंगात भिनल्यावर डोक्यावर ग्राउंडशीट, म्हणजे तंबूत जमिनीवर अंथरायचं जाड कापड, टाकायची आणि आत काट्याकडे बघत माळ पार करायचा. गवत कापणाऱ्या बायका आम्हाला पोटभर हसायच्या.

"डोळे खोटं बोलतात," उस्ताद म्हणायचे. "काटा बोलत नाही. परत चला."

नाईक प्रकाश बदलापूर गावचा. हा मुलूख त्याच्या पायाखालचा. तो ग्राउंडशीटच्या फटीतून मलंगगड बघायचा आणि सगळ्यांच्या आधी पोचायचा. उस्तादांनी त्याला पकडलं आणि काठीने फोडून काढलं. रात्री तो मला म्हणाला, "अरे, डोंगर दिसतोय ना? मग काट्याची काय गरज?"

शिपाई तानाजी बुवापाड्यातला, कारखान्यातल्या फिटरचा मुलगा. त्याचा सराव सुट्टीच्या दिवशीही चालायचा. आम्ही त्याला भूत म्हणायचो, कारण संध्याकाळी माळावर ग्राउंडशीट एकटीच फिरताना दिसायची.

शेवटच्या स्पर्धेत प्रकाश पहिला आला. तो फटीतून बघूनच आला म्हणून उस्तादांनी हरकत घेतली. कंपनी कमांडर हसले. "उस्तादसाब, रिझल्ट देखिए." कप प्रकाशला मिळाला. तानाजी दुसरा.

पुढच्या हिवाळ्यात आम्ही सरहद्दीवर बर्फात होतो. दोघांची गस्त पाठवायची ठरली, तेव्हा कमांडरांनी कपवाल्यालाच पुढे केलं. मागे तानाजी, दोघांच्या कमरेला एकच दोर. दुपारी ते परतत असताना धुकं उतरलं. पोस्टमध्ये, म्हणजे आमच्या चौकीत, वायरलेस सेटवर मी होतो, शेजारी उस्ताद.

"बेअरिंग सांग, काटा कुठे दाखवतोय? ओव्हर," मी प्रकाशला विचारलं.

"काटा उजवीकडे दाखवतोय. पण पोस्ट डावीकडे असणार. ओव्हर."

मागून तानाजीचा आवाज स्पष्ट आला. "नाईकसाब, काटा बरोबर आहे. उजवीकडे."

उस्तादांनी माझ्या हातातला हँडसेट ओढला. "प्रकाश, काट्यावर चल! मान वर काढू नकोस!"

"साब, पोस्ट दिसतेय. डावीकडे वळतोय."

"ती पोस्ट नाही! थांब!"

नंतर सेटवर नुसती खरखर राहिली. उस्ताद तरीही हाका मारत होते.

धुकं सकाळी उठलं. पावलांचे ठसे डावीकडे वळून कड्यापर्यंत गेले होते. वळले तिथून आमची पोस्ट हाकेच्या अंतरावर होती, उजवीकडे. दोघं खाली दरीत सापडले. दोर तुटला नव्हता.

सुट्टीत मी दोघांच्याही घरी गेलो. बदलापूर गावात प्रकाशच्या आईने कप पदराने पुसून माझ्या हातात दिला. म्हणाली, "माजा पोर वाट कंदी नाय चुकायचा." मी हो म्हणालो. मला प्रकाशचा संताप येतो, आजही. त्याच्या आईसमोर मात्र रडू आलं.

बुवापाड्यात तानाजीच्या वडिलांनी चहा ठेवला.

"त्याला दिशा कळत होती ना?"

"कंपनीत सगळ्यात चांगली, काका."

"मग तिकडे कसा गेला?"

"दोर बांधलेला होता," मी म्हणालो. "आणि पुढे कपवाला होता."