मिल्ट्रीमामा ‘नको’ म्हणाले नव्हते

मिल्ट्रीमामांनी माझ्याकडून जितके अर्ज टाइप करून घेतले, त्यातल्या एकाही अर्जात त्यांनी ‘विनंती’ हा शब्द येऊ दिला नाही. औरादला तहसील कचेरीसमोर माझं टायपिंगचं दुकान आहे. मराठी, कन्नड, हिंदी, इंग्रजी, चारही भाषांतले अर्ज माझ्याकडे होतात आणि चारही भाषांत अर्जाचा शेवट एकच असतो. मामा पहिल्यांदा आले तेव्हा मीही सवयीने ‘नम्र विनंती आहे की’ असं टाइप केलं. त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं.

“हे काढा, अक्का.”

“कामून मामा? सगळेच लिवतात.”

“ज्येला काय तर पायजे आसतंय त्येनं विनंती करावं. मी मागायला न्हाई आलो. चूक झालीय म्हनून कळवायलाव.”

माझ्यापेक्षा तीस वर्षांनी मोठा माणूस मला अक्का म्हणत होता आणि सरकारला चूक कळवत होता. मी ते शब्द खोडले. अर्ज एकदम ताठ दिसायला लागला.

त्यांचं नाव माणिक सूर्यवंशी, गाव चिंताकी. फौजेत ते नाईक होते. आजारपणाच्या कारणावरून मेडिकल बोर्डाने त्यांना मुदतीआधी घरी पाठवलं होतं. गावात आणि औरादच्या बाजारात सगळे त्यांना मिल्ट्रीमामाच म्हणत. कुणी कौतुकानं ‘हवालदारसाहेब’ म्हटलं, तर ते तिथल्या तिथे थांबवायचे. “नाईक. हवालदार झालो न्हाई अजून.” त्या ‘अजून’वर लोक तोंड फिरवून हसत. त्यांना फौज सोडून तेव्हा वीस वर्षं होत आली होती.

अर्ज सांगताना ते उभे राहत. डाव्या पायाचा पुढचा अर्धा भाग कापलेला. बुटाच्या टोकात कापडाचा बोळा घालून चालायचे, त्यामुळे चाल सरळ दिसे, पण उभं राहणं सोपं नव्हतं. मी खुर्ची पुढे केली की हात आडवा करायचे. अर्ज तासभर चालला तरी टेबलाला हातसुद्धा टेकायचे नाहीत. हळूहळू माझ्या दुकानात रांगेतल्या लोकांचीही सवय बदलली. मामा सांगत असले की कुणी मध्ये बोलत नसे.

पायाची गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली, तीही मी विचारल्यावर. ते सिग्नलमध्ये होते, टेलिफोनची तार सांभाळणं हे काम. बर्फातल्या एका चौकीची तार तुटली. ज्याची पाळी होती तो पोरगा तापाने फणफणत होता, म्हणून मामा गेले. तुटलेली जागा शोधायला अख्खा दिवस गेला. “बूट वल्ला झाला हुता. काढून बघायला येळ नव्हता. तार जोडलो, पलीकडनं आवाज आला, मग बसलो.” इतकंच. पुढे आठ महिने दवाखाना. हवालदारकीची परीक्षा ते आधीच पास झाले होते आणि यादीत नाव होतं. पण बढतीचा हुकूम आला नाही, आला तो घरी जाण्याचा कागद.

त्याबद्दल त्यांनी पुढची कित्येक वर्षं तक्रार केली नव्हती, हे मला फार उशिरा कळलं. पाय गेला, म्हणून नाव मागे पडलं, असं ते धरून चालले होते. शेती केली, दोन मुलींची लग्नं केली, विहारात पोरांना कवायत शिकवली. मग पेन्शनचं काहीतरी दुरुस्त करायला बिदरला माजी सैनिकांच्या कचेरीत गेले असताना तिथल्या बाबूने त्यांचा सेवेचा उतारा वाचून दाखवला. बढतीच्या रकान्यात एक शब्द होता: अनिच्छुक. म्हणजे माणिक सूर्यवंशी यांना बढती देऊ केली होती आणि ती त्यांनी स्वतःहून नाकारली होती.

“पाय गेला म्हनून दिली न्हाई म्हनले आसते तर मी गप बसलो आसतो,” मामा म्हणाले. “मी नको म्हनलो असं लिवलंय, अक्का. मी नको म्हनलो न्हवतो.”

त्यानंतर दर दोन-तीन महिन्यांनी ते येत. पहिला अर्ज, स्मरणपत्र, अपील, अपिलावर अपील. प्रत्येक वेळी उत्तर यायचं की उपलब्ध अभिलेखानुसार आपण अनिच्छा दर्शवली होती. उत्तर आलं की ते तीनदा वाचायचे, घडी घालून खिशात ठेवायचे आणि म्हणायचे, “लिवा.” त्यांच्याकडे दवाखान्याचा कागद होता. ज्या तारखेला त्यांनी युनिटमध्ये नकारावर सही केली असं दप्तर म्हणत होतं, त्या तारखेला त्यांच्या पायाचं ऑपरेशन होतं. हा कागद आम्ही दर अर्जाला जोडला. दर उत्तरात त्याचा उल्लेखच नसे.

एकदा दुकानात बसलेले एक मास्तर चिडून म्हणाले, “फौजेनं फसवलं की हो तुम्हाला.” मामांचा आवाज मी तेवढा एकदाच चढलेला ऐकला. “फौजेचं नाव घेऊ नका. कुनीतरी एक वळ चुकीच्या जागी लिवलाय. मी ती वळ धुंडायलाव.”

ती ओळ सापडली. माहितीच्या अधिकारात मागितलेली नकारपत्राची झेरॉक्स अखेर टपालाने आली. पाकीट मामांनी माझ्याच दुकानात फोडलं. नाव माणिक सूर्यवंशी. खाली सही. सही मामांची नव्हती. शिपाईक्रमांक पाहिला तर शेवटचे आकडे सदतीस. मामांचे त्र्याहत्तर. कुणा कारकुनाने आकडे उलटे वाचून एकाचं ‘नको’ दुसऱ्याच्या नावावर चढवलं होतं.

मी खुर्चीवरून उठलेच. “मामा, झालं. आता कोण नाही म्हणतंय बघू.”

ते मात्र त्या सहीकडे बघत राहिले. मग म्हणाले, “ह्यो माणिक मला ठावं हाय. निंबर्ग्याचा. दोघं एकाच भरतीत गेलो.”

आळंद तालुक्यातल्या निंबर्ग्याचा हा दुसरा माणिक सूर्यवंशी. त्याचा नकार मामांच्या नावावर गेल्यामुळे यादीत त्याचं नाव तसंच राहिलं आणि बढतीचा हुकूम त्याला आला. तो हवालदार झाला, हवालदार म्हणूनच निवृत्त झाला. दोन वर्षांपूर्वी वारला होता. त्याच्या बायकोला हवालदाराच्या विधवेची पेन्शन मिळत होती.

“हे कागद लावलो तर त्या बाईचं काय हुतंय?” मामांनी विचारलं.

कदाचित काहीच होणार नाही, कदाचित कुणीतरी तिची फाइलही उघडेल, असं मी म्हणाले.

“मग आधी निंबर्ग्याला जाऊन येऊ. तुमी चला. बाईमानसाशी बोलायचंय.”

पाच वर्षं ज्या कागदासाठी ते उभे राहिले होते, तो हातात आल्यावर हा माणूस तो लावायचा की नाही हे दुसऱ्या कुणाला विचारायला निघाला होता. मी दुकानाला कुलूप लावलं. औराद, बिदर, कलबुर्गी, आळंद असे बस बदलत आम्ही गेलो. कलबुर्गीच्या स्टँडवर ते म्हणाले, “ती नको म्हनली तर ह्यो विषय आपन पुन्ना काढायचा न्हाई, अक्का.” मी हो म्हटलं, पण मला ते पटलं नव्हतं. घरी परत येईपर्यंत मी त्यांच्यावर मनातून रागावलेली असेन, असंच मला वाटत होतं.

गंगाबाई ओट्यावर तूर पाखडत होत्या. मामांनी आधी माणिकबद्दल विचारलं, कसा गेला, शेवटी काय झालं. मग कागद पुढे ठेवला आणि काहीही न लपवता सगळं सांगितलं.

गंगाबाईंनी सूप खाली ठेवलं. “म्हंजी आमचे हे खोटे हवालदार हुते का, अण्णा?”

“न्हाई वहिनी. हुकूम आला, त्यानं पाळला. हवालदाराचं काम केला. त्येची हवालदारकी खरी हाय. माझी फक्त लिवायची राहिलीय.”

“मग मला कामून सांगायलाव?”

“हे कागद मी कोर्टात लावलो तर तुमाला तरास हुईल का न्हाई, मला ठावं न्हाई. तुमी नको म्हना, मी लावत न्हाई.”

बाईंनी झेरॉक्स हातात घेतली. त्यांना वाचता येत नव्हतं, पण सही ओळखता आली. तिच्यावरून त्यांनी अंगठा फिरवला. “हे कवाचं?”

मी तारीख सांगितली.

त्यांनी बोटांवर वर्षं मोजली. मग बोलल्या त्या माझ्याकडे बघून. “सासरा अंथरुनावर हुता तवा. ह्येनी लिवले हुते, मी नको म्हनून सही केलाव, मुदत संपली की घरी येतो म्हनून. आन मग आलेच न्हाईत. हवालदारकीची फीत लागली, अजून चार वर्सं राहिले. सासरा गेला. मी म्हनले, फितीसाठी बापाला सोडला ह्यो मानूस. मरेपर्यंत बोलून दाखवले मी त्येनला. ते म्हनायचे, मी सही केलो हुतो गं. मला खरं वाटायचं न्हाई.”

मामांनी मान खाली घातली. त्या दिवशी प्रथमच मला कळलं की त्या चुकीच्या ओळीने एकाच घराचं नुकसान केलं नव्हतं.

गंगाबाईंनी डोळे पुसले. “लावा कागद, अण्णा. काय हुयाचं ते हुंदे. ते खरं बोलत हुते म्हनून कुठंतरी लिवून राहू दे. आन मला बी एक द्या ह्यातलं.”

आळंदला जाऊन मी त्या कागदाच्या तीन झेरॉक्स काढल्या. एक त्यांना परत नेऊन दिली, तेव्हा त्यांनी ती पदराखाली धरली.

प्रकरण सैनिकांच्या न्यायाधिकरणात उभं राहिलं. फुकट मिळालेला वकील तरुण होता पण मन लावून काम करणारा होता. सुनावणीनंतर त्याने मला फोन केला. न्यायमूर्तींनी मामांना विचारलं होतं, दुसऱ्याला चुकून मिळालेल्या बढतीबाबत तुमचं काय म्हणणं आहे? मामा म्हणाले, “साहेब, त्याच्याविरुद्ध माझी तक्रार नाही. त्याने ते काम केलं आहे. माझ्यापुढचा एक शब्द चुकीचा आहे, तेवढा काढा.” वकील म्हणाला, “मॅडम, समोरच्या सरकारी वकिलानेसुद्धा त्यानंतर काही बोलायचं नाही म्हटलं.”

निकाल पावसाळा संपता संपता आला. ‘अनिच्छुक’ ही नोंद रद्द, ठरल्या तारखेपासून हवालदारपद मान्य, आणि दुसऱ्या सैनिकाच्या सेवेला किंवा त्याच्या कुटुंबाच्या पेन्शनला कुठलीही बाधा नाही. मी वाचून दाखवलं. मामांनी शेवटचा भाग पुन्हा वाचायला लावला आणि म्हणाले, “निंबर्ग्याला फोन लावा.” फोनवर ते एवढंच बोलले, “वहिनी, तुमच्यावर कायबी आलं न्हाई.” स्वतःचं त्यांनी सांगितलंच नाही. पलीकडून गंगाबाईंनी विचारलं असावं, कारण थोड्या वेळाने ते म्हणाले, “व्हय. माझं बी झालं.”

त्यानंतर ते दीड वर्ष जगले. फुप्फुसाचा आजार होता, बिदरच्या दवाखान्यात आठ दिवस काढले आणि गेले. चिंताकीच्या विहारात पुण्यानुमोदन झालं. माजी सैनिक आले होते, मामांनी कवायत शिकवलेली पोरं, आता बाप झालेली, ओळीने बसली होती. दुपारी दाराशी एक बाई चपला काढताना दिसल्या. गंगाबाई होत्या. एवढ्या लांबून, वाचता येत नसताना, बसच्या पाट्या लोकांना विचारत एकट्या आल्या होत्या. त्यांना माझ्याशिवाय तिथे कुणी ओळखत नव्हतं. मी मामांच्या पत्नीला, शांताबाईंना, हळूच सांगितलं की या निंबर्ग्याच्या. शांताबाई उठल्या, त्यांना हाताला धरून आपल्या शेजारी बसवलं.

गंगाबाई संध्याकाळी निघणार होत्या. शांताबाईंनी जाऊ दिलं नाही. त्या दोन दिवस राहिल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी मी औरादच्या स्टँडवर दोघींना पाहिलं. शांताबाईंनी त्यांना खिडकीजवळ बसवलं, भाकरीचं गाठोडं मांडीवर दिलं आणि खाली उतरून कंडक्टरला म्हणाल्या, “आमच्या घरचं मानूस हाय. बिदरला उतरवून कलबुर्गीच्या गाडीत तुमीच बसवून द्या.”