उपवासाला न चालणारी गोळी

काल जिना उतरताना आईच्या पायातली चप्पल निसटली आणि तिला कळलंच नाही. तिचे पाय बधिर होतात. रक्तात बी-बारा कमी निघालं म्हणून डॉक्टरांनी गोळ्या दिल्या; आई मात्र उपवासाच्या दिवशी त्या टाळते आणि मावशीने पाठवलेला अश्वगंधेचा अर्क घेते. “तो उपवासाला चालतो,” म्हणते.

अश्वगंधेवरचे अभ्यास मी वाचलेत. ते थोडे आहेत, तेही झोपेबद्दल आणि ताणाबद्दल. बी-बाराच्या कमतरतेने नसा दुखावतात, हे मात्र पक्कं आहे. तरी बाटलीमागे बहिणीची माया असते. रिपोर्टमागे ओळखीचं कुणीच नसतं.

मी सहसा वाद घालत नाही. आज गोळी तिच्यासमोर धरली.

“अगं, गुरुवार आहे.”

“देवाला सांग, मुलगी ऐकत नाही.”

आईने हसू दाबत तळहात पुढे केला.