ताईंचं धुकं

चार माणसं पहाटे साडेपाचला ट्रायपॉड घेऊन शेताच्या बांधावर उभी राहायला लागली की किस्से गोळा होणारच. वर्षाकाठी धड चार फोटो जमत नाहीत, किस्से मात्र पोतंभर! हे किस्से मी दुकानात, लग्नात, जेट्टीवर, कान देईल त्याला सांगत आलो. लोक पोट धरून हसायचे. हल्ली सांगताना मध्येच अडखळायला होतं. त्यातले निम्मे किस्से कुंदाताईंच्या डोळ्यांचे होते, आणि ते डोळे हळूहळू जात होते, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

आधी माणसं सांगतो. कुंदाताई साठीपुढच्या. दिवेआगरला सुपारीची वाडी, वाडीतच दोन खोल्यांचं होमस्टे, मुलगा पुण्याला. इक्बालभाई अठरा वर्षं कुवेतला काढून दिघीला परतले. येताना सोन्याऐवजी लेन्स घेऊन आले, असं भाभी अजून ऐकवतात. सुधीर मासळीचा टेम्पो चालवतो. आणि मी विनायक, बोर्लीत झेरॉक्स आणि पासपोर्ट फोटोचं दुकान. दिवसभर लोकांना "हनुवटी खाली, डोळे उघडे" सांगतो. डोळ्यांबद्दल माझं ज्ञान एवढंच.

*

ताई फोटोग्राफर झाल्या त्या वादळामुळे. त्यांची सुपारी एका दुपारीत आडवी झाली. पंचनाम्याला फोटो लागतील म्हणाले, म्हणून मुलाने आपला जुना कॅमेरा पाठवून दिला. ताईंनी पडलेल्या प्रत्येक झाडाचा वेगळा फोटो काढला. दोन्ही बाजूंनी! शिवाय प्रत्येकावर नंबराची चिठ्ठी.

पंचनाम्याला आलेला माणूस गठ्ठा बघून हैराण. "ताई, हा काय लग्नाचा अल्बम आहे का? चार-पाच पुरे होते!"

ताई म्हणाल्या, "लावताना एकेक लावलं होतं. पडल्यावर घाऊक कशी मोजू?"

मग वाडीत काढण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून त्या मागच्या दाराने शेताकडे गेल्या. डिसेंबर होता. भात कापून झालेलं, आणि रिकाम्या शेतांवर कमरेएवढं धुकं. तिथे मी आधीच उभा होतो. पुढे इक्बालभाई आणि सुधीर येऊन मिळाले, असा आमचा ग्रुप झाला.

*

आमच्याकडे धुकं रोज पडत नाही. तीन दिवस पडेल, मग आठवडाभर गायब. इक्बालभाई दिघीहून येणार, मी बोर्लीहून, तर फुकट हेलपाटा कोण घालणार? ताईंचं मागचं दार थेट शेतावर उघडतं. म्हणून काम त्यांच्याकडे दिलं. पहाटे उठायचं, दार उघडून बघायचं, ग्रुपवर एकच शब्द टाकायचा. आहे, नाहीतर नाही.

सुरुवातीला ताई लांबलचक लिहायच्या. "थोडंसं वाटतंय, पण तुम्ही आपलं ठरवा बाबा." इक्बालभाईंनी सांगितलं, "ताई, आहे तर आहे बोला, नाय तर नाय बोला. आपल्याला पेट्रोल जाळायचं हाय."

झालं! एके पहाटे इक्बालभाई अंघोळीला गेलेले असताना भाभींनी त्यांचा फोन बघितला. स्क्रीनवर नाव कुंदा, आणि खाली मेसेज, "आहे. या लवकर."

दुसऱ्या दिवशी भाभी स्वतः शाल गुंडाळून इक्बालभाईंच्या मागे स्कूटरवर बसून शेतावर हजर. पाऊण तास बांधावर उभ्या राहिल्या. आम्ही चौघं डोळे बारीक करून पांढऱ्याचे फोटो काढतोय, हे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "या अल्ला, एवढ्यासाठी? हे तर मला दात घासताना पण दिसतं!"

*

आता म्हशीचा किस्सा. एका शाळेच्या हॉलमध्ये आम्ही आमचं प्रदर्शन मांडलं होतं. ताईंचा फोटो सगळ्यांत मोठा लावला. शेतावर धुकं, मधोमध एकटा माड, मागे फिकट डोंगर. देखणा फोटो. फक्त डावीकडे, अगदी कडेला, एका म्हशीचं ढुंगण आणि शेपूट!

सुधीर म्हणाला, "ताई, म्हशीला घ्यायचं तर पुरती घ्यायची, न्हाय तर सोडायची!"

ताई फोटोजवळ गेल्या, डोकं इकडून तिकडे फिरवलं. "म्हैस? कुठाय म्हैस?"

हॉल हसला. इतका सरळ चेहरा ठेवून विनोद करणारी बाई आम्ही पाहिली नव्हती. मी तर पुढे वर्षभर कोणाचंही काही हरवलं की विचारायचो, "कुठाय म्हैस?" ताईही हसायच्या. थोडं उशिरा हसायच्या, एवढं आता आठवतं.

*

एकदा दिघी जेट्टीवर गेलो होतो. अजून उजाडायचं होतं, आगरदांड्याची पहिली फेरी सुटायला वेळ होता. ताई एकदम थांबल्या. "अरे, तो दिवा बघा! भोवती कसलं सुंदर कडं पडलंय. जांभळं, पिवळं, तांबडं. काढा ना पटकन!"

आम्ही तिघांनी अर्धा तास त्या दिव्याचे फोटो काढले. कडं काही येईना. इक्बालभाईंनी फिल्टर बदलले, लेन्स पुसली, गुडघ्यावर बसले, शेवटी जेट्टीवर आडवे झाले. ताई म्हणाल्या, "राहू दे इक्बालभाई. कुवेतची लेन्स तुमची, पण दिसतंय मला!"

इक्बालभाईंना ते फार लागलं. लेन्स मुंबईला दुरुस्तीला पाठवली. चार दिवसांनी तिथल्या कारागिराचा फोन आला. "लेन्स एकदम ओके है भाई. आप अपनी आँख चेक कराओ."

आणि इक्बालभाईंनी खरंच डोळे तपासून घेतले! पाऊण नंबरचा चष्मा लागला. तो चष्मा लावून आले त्या सकाळी आम्ही चहा सांडेपर्यंत हसलो. आमच्या ग्रुपमधून एकच माणूस डोळ्याच्या डॉक्टरकडे गेला, आणि तो इक्बालभाई. यावर आता मला हसू येत नाही.

*

पुढच्या हिवाळ्यात ताईंचा मेसेज रोज यायला लागला. आहे. आहे. आहे. आम्ही पोचायचो तर सगळं लख्ख! पलीकडच्या डोंगरावरची झाडं मोजून घ्यावीत असं. ताई खजील व्हायच्या. "आत्ता होतं रे! तुम्ही येईपर्यंत निवळलं. ऊन आलं की जातंच."

पहिल्या दोन वेळा आम्ही काही बोललो नाही. मग बोलायला लागलो. पुढे तर 'ताईंचं धुकं' हा आमचा शब्दच झाला. रस्ता पुढच्या महिन्यात होणार? ताईंचं धुकं! सुधीरचं लग्न ठरतंय? ताईंचं धुकं!

एकदा सुधीर मासळी टाकून परत येताना मुद्दाम त्यांच्या मागच्या दारी जाऊन उभा राहिला. ताई बाहेर आल्या, शेताकडे पाहिलं, फोन डोळ्यांजवळ धरून मेसेज टाकला. आहे.

सुधीर म्हणाला, "ताई, मी हितंच हाय. कुठं हाय धुकं?"

ताई दचकल्या. हात लांब केला तर लागेल इतका तो जवळ उभा होता. म्हणाल्या, "अगं बाई, तू कधी आलास? बघ, तूसुद्धा दिसला नाहीस, इतकं दाट आहे!"

हा किस्सा सुधीरने त्यांची नक्कल करून आम्हाला सांगितला. इक्बालभाईंना हसून हसून ठसका लागला. माझे डोळे रोज दुकानात माणसांचे चेहरे बघतात, आणि मीही टाळी दिली.

*

त्यानंतरची गोष्ट हसण्याची नाही, पण ती वगळली तर मी लबाड ठरेन. ताईंकडचं काम काढून घ्यायचं मीच सुचवलं. वर गोड बोललो, "ताई, तुम्ही कशाला एवढ्या लवकर उठता? सुधीर त्याच रस्त्याने जातो, तो कळवेल."

ताईंनी ग्रुपवर लिहिलं, "चालेल."

नंतर दोन महिने त्या आल्याच नाहीत. रुसल्या असतील म्हणून मी गेलो नाही. मग एक दिवस होमस्टेच्या पाहुण्याला चहा देताना त्यांनी उकळता चहा कपाबाहेर ओतला. मुलगा पुण्याहून आला, त्यांना पनवेलला डॉक्टरकडे घेऊन गेला. गाडी मी चालवत होतो.

डॉक्टर म्हणाले, काचबिंदू. उजव्या डोळ्यात जवळपास काही उरलेलं नाही. डाव्यात मधलं थोडं आहे, तेवढं औषधाने टिकवायचं. गेलेलं परत येत नाही. मग त्यांनी विचारलं, "कडेच्या वस्तू दिसत नव्हत्या का? दिव्याभोवती रंगीत कडी? पहाटे-संध्याकाळी धूसर? वर्षभर आधी यायला हवं होतं."

मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलो होतो. म्हैस, जेट्टीचा दिवा, सुधीर. डॉक्टर विचारत होते ते सगळं मला पाठ होतं. कितीतरी लोकांना सांगून झालं होतं. एकदा, फक्त एकदा जरी म्हटलं असतं की ताई, चला, डोळे दाखवून येऊ! लाज वाटली. अजून वाटते.

परतताना माणगाव मागे पडलं. मग मागच्या सीटवरून ताई म्हणाल्या, "म्हणजे धुकं नव्हतंच."

मी गाडीचा वेग कमी केला.

"उगाच तुम्हाला पहाटे उठवत राहिले रे," त्या म्हणाल्या. "मनात ठेवू नका."

*

या जानेवारीत ताईंचा फोन आला. "विनायक, उद्या नेतोस का मला? कॅमेरा नको. नुसती उभी राहीन."

उजाडता उजाडता त्यांना हाताला धरून मागच्या दाराने शेतावर नेलं. आणि काय सांगू, असं धुकं मी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं! बांध दोन पावलांपुढे संपत होता. माझा ट्रायपॉड मी लावला आणि मलाच तो सापडेना. ताईंचा चेहरासुद्धा पुसट दिसत होता.

ताई समोर बघत उभ्या होत्या. मग हळूच विचारलं, "विनायक, आहे? की माझंच?"

"आहे ताई."

"मला बरं वाटावं म्हणून नको सांगूस."

"शप्पथ आहे. खूप आहे."

त्यांना पटलं नव्हतं. आणि का पटावं? वर्षभर असलेल्या म्हशीवर हसलो आणि नसलेल्या धुक्यावरही हसलो, त्यातलाच मी एक. काय पुरावा देणार होतो? फोटो काढून दाखवू?

तेवढ्यात मागे रस्त्यावर स्कूटर थांबल्याचा आवाज आला. इक्बालभाई सुधीरचा मेसेज वाचून आले होते; ताई येणार आहेत हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं. पावलं बांधापर्यंत आली, थांबली. काहीतरी धडपडलं. मग वैतागलेला आवाज आला, "अरे विनायक! कुठं मेलास तू? काय पण दिसत नाय यार मला! माझा हात मला दिसत नाय!"

ताईंनी माझा दंड घट्ट धरला. मग हसल्या. चांगल्या मोठ्याने हसल्या, शेतभर ऐकू जाईल इतक्या.

"कोण? ताई? ताई, तुम्ही हाय का तिकडं?"

"हो, मीच," ताई ओरडून म्हणाल्या. "इक्बालभाई, घाबरू नका. उजवीकडे चिखल आहे, बांध सोडू नका. माझ्या आवाजावर सरळ चालत या."