खैरानचं गिऱ्हाईक

गाडा विकायचा ठरला तेव्हा माझी एकच अट होती, आणि ती कुणाला सांगायची सोय नव्हती. घेणारा माणूस खैरानचा पाहिजे.

गाडा म्हणजे कॅरव्हॅन. मोटारीच्या मागे जोडून न्यायचं चाकांवरचं घर. कुवेतमधल्या अहमदीतल्या कुणा गोऱ्या साहेबाचं होतं, इराकच्या लढाईनंतर बेवारस पडलं. मीना अब्दुल्लातल्या आमच्या वर्कशॉपच्या मालकाने ते भंगारात उचललं आणि आवारात टाकून विसरून गेला. मी सुतार, रत्नागिरीकडचा. माझा दोस्त गाद्या शिवणारा, रायगडच्या किनाऱ्यावरचा मुसलमान. त्याचे आजे-पणजे गलबतांवर होते म्हणून मी त्याला खलाशी म्हणायचो. आम्ही मालकाला म्हटलं, हे आम्ही नीट करतो. तो हसला आणि म्हणाला, करा, तुमचंच समजा.

मग सुट्टीचे कितीतरी शुक्रवार त्यात गेले. प्लाय फुगून पापडासारखा झाला होता, तो सगळा मी काढला. कपाटं नवी केली, खिडक्यांच्या चौकटी सागवानी केल्या. खलाशी नमाजाहून आला की शिवायला बसायचा. निळ्या पट्ट्यांचं कापड, कडेने पांढरी पायपिंग. एक टाका वाकडा गेला तर अख्खी शिवण उसवायचा. मी ओरडायचो, "अरे, बसणार कोण त्याच्यावर, सुलतान?" तो म्हणायचा, "तू नाय, तुझी चड्डी कायम भुशाची." माझं ऐकायचं नाही हा त्याचा धर्मच होता. त्याचं एकच टुमणं: गाडा झाला की समुद्रकाठी खैरानला न्यायचा, पाण्याला लावून उभा करायचा आणि दार उघडं टाकून झोपायचं. म्हटलं, समुद्र काय तुझ्या घरासमोर नाही? "घरचा दर्या बघायला रजा लागते," तो म्हणाला.

शेवटची गादी शिवून झाली त्या दुपारी तो तिच्यावर आडवा झाला. मी बाहेर चाकं रंगवत होतो. स्क्रू मागितले, उत्तर आलं नाही. दोन शिव्या दिल्या, तरी नाही. आत जाऊन हलवला तेव्हा कळलं. घरच्यांनी फोनवर सांगितलं, तिथेच मातीत ठेवा. तसं ठेवलं.

दहाव्या दिवशी मी त्याच्यासाठी भात केला आणि पानावर घालून गाड्याच्या पायरीवर ठेवला. माझ्या खोलीत राहणारे लोक म्हणाले, "डोकं फिरलंय काय? मुसलमानाला कसला पिंड?" मी म्हटलं, मला माझ्या माणसासाठी एवढंच करता येतं. आमच्याकडे कावळा शिवला नाही की गेलेल्याला मोठ्याने शब्द देतात, तुझं अमुक राहिलं असेल तर आम्ही करतो, म्हणून. तिथे कावळा कुठून येणार? मी आपला आभाळाकडे बघून बोलत बसलो. तुझ्या पोरांची खबर घेईन. तुझ्या म्हातारीला भेटून येईन. आणि शेवटी तोंडातून निघून गेलं, तुला खैरानला पोचवीन. एवढ्यात एक मांजर आलं आणि भात खाऊन गेलं. मांजर शिवलं तर काय समजायचं, हे आमच्या भटजींनी कधी सांगितलं नव्हतं.

त्यानंतर तो गाड्यात राहिला. हसायचं तर हसा. मी दार उघडलं की कुणीतरी नुकतंच उठून बसल्यासारखं वाटायचं. गादी दाबून सारखी करावी तर दुसऱ्या दिवशी पुन्हा मधोमध खळगा. फोम दबतो, मलाही कळतं. पण नवा फोम? मला भीती वाटायची, खोटं कशाला बोलू. आणि ज्या दिवशी काही जाणवायचं नाही, त्या दिवशी जास्त वाटायची. मग मी उगीच कपाटाची दारं घासत आत थांबायचो.

पुढे माझं काँट्रॅक्ट संपलं, मालकही आवार रिकामं करायला लागला. एकाला गाड्यात सँडविचचं दुकान घालायचं होतं. त्याला म्हटलं, चाकांचा आस मोडलाय. दुसऱ्याला तो थंडीत वाळवंटातल्या तंबूंशेजारी लावायचा होता. त्याला म्हटलं, छत गळतं. माझ्याच कामाची मी अशी बदनामी केली. खोलीतले म्हणाले, याला लागलंय काहीतरी. बरोबरच होतं त्यांचं.

शेवटी एक म्हातारा कुवेती आला. खैरानला त्याचं शॅले, म्हणजे समुद्रावरचं सुट्टीचं घर होतं, नातवंडांसाठी गाडा पाण्याजवळ ठेवायचा म्हणाला. त्याने चपला बाहेर काढल्या, आत आला, गादीवर बसला आणि पायपिंगवरून बोट फिरवलं. मोडक्या हिंदीत विचारलं, हे कुणी शिवलं? म्हटलं, माझ्या भावाने. तो कुठे आहे? मला सांगायचं होतं एक, आणि हात भलतीकडेच गेला. तो बसला होता त्या गादीकडेच मी बोट दाखवलं.

गेलं गिऱ्हाईक, असं मनात आलं. म्हातारा हळूच उठला, हात पसरून तोंडातल्या तोंडात दुवा म्हटली आणि समोरच्या बाकावर जाऊन बसला. म्हणाला, घेतो.

न्यायच्या दिवशी मी चाकापुढे नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं घातलं. गावात घालतात तसंच, मोठ्याने. "बा म्हाराजा, तुला दर्यावर नेतायत. वाटेत उतरू नको. तिथे सुखाने रहा. मी आता घरी चाललोय, माझ्या मागे येऊ नको." 'व्हय म्हाराजा' म्हणायला कुणी नव्हतं, ते पण मीच म्हटलं. नारळ फोडला. ड्रायव्हर बघत होता, त्याला खोबरं दिलं. गाडा फाटकातून वळला आणि गेला.

आता मी गावी असतो. त्याच्या म्हातारीला भेटून आलो, पोरांचं बरं आहे. तो मात्र त्या दिवसापासून मला कुठेच जाणवला नाही. एकटा बसलो तरी नाही, स्वप्नातसुद्धा नाही. येऊ नको म्हटलं म्हणून असं कुणी करतं? जन्मभर माझा एक शब्द ऐकला नाहीस, खलाशा, आणि हाच बरा ऐकलास!