अकरा लख्ख, एक डागाळलेलं

"दिवाळीला घासून लख्ख करू, मग देऊ यांच्याकडे," साने काकू काकांना हळूच म्हणाल्या.

काउंटरमागे मी त्यांच्या नाण्यांची यादी लिहीत होते. मी ऐकलं. माझं पेन थांबलं आणि पुन्हा चालू झालं.

हे दोन हजार सालाच्या आसपासचं. बर दुबईत, अब्रा म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या होड्यांच्या धक्क्याजवळच्या गल्लीत नानजीभाईंचं जुन्या नाण्यांचं दुकान होतं. बी.कॉम. झाल्यावर मला अल मनखूलमधल्या घरून चालत जाता येईल आणि फार बोलावं लागणार नाही अशी नोकरी हवी होती. इथे दोन्ही जमत होतं. गिऱ्हाइकांशी नानजीभाई बोलायचे, मी नाणी बघायचे.

साने काका एका ऑइल कंपनीत ड्राफ्ट्समन होते. त्यांचा अमेरिकन बॉस दर वर्षाच्या शेवटी टेबलावर मूठभर जुने चांदीचे डॉलर ओतायचा आणि म्हणायचा, यातला एक उचल. काका अर्धा तास बघत बसायचे आणि एक उचलायचे. बारा वर्षं, बारा नाणी. आता ते रिटायर होऊन पुण्याला चालले होते. त्याआधी नाणी ग्रेडिंगला पाठवायची होती. ग्रेडिंग म्हणजे अमेरिकेतले जाणकार नाणं तपासून त्याला एक ते सत्तरमधला आकडा देतात आणि बंद प्लास्टिकच्या डबीत घालून परत पाठवतात. साठ किंवा वर म्हणजे नाणं बाजारात फिरलेलंच नाही.

"बेचना है क्या, साने साब?" नानजीभाईंनी विचारलं.

"नाही हो. मला फक्त बघायचंय, माझी नजर कशी होती."

"एका नाण्याचे ऐंशी दिरहॅम," मी यादीकडे बघत म्हटलं.

"म्हणजे साडेनऊशे रुपये!" काकू म्हणाल्या. "अहो, नजर तपासायला डोळ्यांचा डॉक्टर स्वस्त पडेल."

काका हसले. मी दिव्याखाली एकेक नाणं हातात घेत होते, नेहमीसारखं कडेने धरून. त्यावर एका बाईचा चेहरा असतो, बाजूने. तिला लिबर्टी म्हणतात. ओठ मिटलेले. मला ती आवडायची. न वापरलेलं नाणं जरा तिरकं केलं की त्यावरचा प्रकाश चाकाच्या आऱ्यांसारखा गोल फिरतो. ठसा बसताना धातू वाहतो, त्याच्या बारीक रेषांवरून तो उजेड सरकत असतो. बघता बघता दुकान, एसीची घरघर, बाहेर "यल्ला, यल्ला" करणारे हमाल, सगळं दूर जायचं. काकांच्या बाराही नाण्यांवर ते चाक फिरत होतं. बारावं तर वेगळंच होतं. ज्या खाकी पाकिटात ते ठेवलेलं असायचं, त्याच्या कागदाने त्याच्यावर रंग चढवला होता. कडेला जांभळा, आत निळा, बाईच्या गालापाशी सोनेरी. मगरिबच्या अजानला, सूर्य बुडताना खाडीच्या पाण्यावर दिसतो तसा.

आमच्या धंद्यात याला डाग म्हणत नाहीत. घाण किंवा चिकट काही बसलं असेल तर नाणं ॲसिटोनमध्ये बुडवून काढतात, बस. घासायचं कधीच नाही. घासलं की त्या बारीक रेषा जातात, चाक थांबतं, आणि ग्रेडिंगवाले आकडा न देता नाणं परत पाठवतात.

हे सगळं मला माहीत होतं. काकू घासायचं म्हणाल्या तेव्हा नानजीभाई आत फोनवर होते. सांगायची वेळ माझी होती. पण मी इंग्लिश मीडियमची, काकूंसारख्या बायकांसमोर माझं मराठी अडखळायचं. आणि मोठी माणसं आपसात बोलत असताना मध्ये तोंड घालायचं नाही, हे घरचं वळण. अमेरिकेचं पार्सल महिन्यातून एकदाच जायचं, नुकतंच गेलं होतं. दुसऱ्याची नाणी नानजीभाई दुकानात ठेवून घेत नसत. काका-काकू बारा पाकिटं घेऊन घरी गेले.

लक्ष्मीपूजनाच्या आदल्या संध्याकाळी आमच्या घरी आई सिंकपाशी उभी होती. दात घासायची पांढरी पावडर ओल्या फडक्यावर घेऊन ती निरांजन आणि चांदीचे दोन रुपये घासत होती. रुपया पांढराशुभ्र झाला. आईने तो दिव्यासमोर धरला आणि समाधानाने हं केलं. मी हॉलमध्ये फोनपाशी गेले. सान्यांचा नंबर यादीवर मीच लिहिला होता, पाठ झाला होता.

दोन रिंग झाल्या.

"हॅलो?" काकूंचा आवाज. मागे नळ वाहत होता. "हॅलो, कोण बोलतंय?"

मी रिसीव्हर खाली ठेवला.

दिवाळीनंतरच्या आठवड्यात ते दोघं आले. काकूंनी मखमली बटव्यातून अकरा नाणी काचेवर मांडली. ती स्टीलच्या नव्या चमच्यांसारखी चमकत होती. मी एक उचलून तिरकं केलं. चाक फिरलं नाही. दुसरं उचललं. नाहीच.

नानजीभाईंनी डोळ्याला भिंग लावलं, काढलं. "अरे वाह भाभी, चमक गए!" मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "फॉर्म भर, बेटा. अमेरिका बोलेगा, अपने को बोलने का नहीं." ही त्यांची पद्धत होती. वाईट बातमी नेहमी टपालाने यावी.

"आणि हे एक राहिलंय," काकू पर्समधून पाकीट काढत म्हणाल्या. "एवढं डागाळलेलं, लक्ष्मीपुढे कसं ठेवायचं? तसंच ठेवलं बाजूला. आता पुसून देते, थांबा." त्यांनी नाणं काचेवर ठेवलं आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

मी नाण्यावर हात ठेवला.

"नको," मी म्हटलं.

काकू माझ्याकडे बघत राहिल्या. "अगं, बोलतेस की तू!"

मग सांगावंच लागलं. निम्मं मराठीत, निम्मं इंग्लिशमध्ये, भलत्याच क्रमाने. नानजीभाई छताकडे बघत होते. मी काकांच्या हातात भिंग दिलं, एका हातात घासलेलं नाणं, दुसऱ्यात बारावं. त्यांनी दोन्ही दिव्याखाली तिरकी केली. बराच वेळ. मग घासलेलं नाणं अलगद बटव्यात ठेवलं.

"म्हणजे मी वाट लावली?" काकूंनी विचारलं.

"घरातली चांदी तुझ्याकडेच असते," काका म्हणाले. "मी तरी कुठे अडवलं?" रागाने नाही. पण काकूंनी त्यानंतर पैशांचा हिशेबसुद्धा रुपयांत केला नाही.

आम्ही एकच नाणं पाठवलं. त्यांच्या निघायच्या चार दिवस आधी ते परत आलं. डबीवर आकडा होता, पासष्ट. नानजीभाईंनी काकांचा हात हातात घेऊन हलवला. आमच्या दुकानात तोवर पासष्ट फार कमी वेळा आले होते.

"पासष्ट," काका म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "पासष्ट." त्यांनी डबी तिरकी केली आणि बाईच्या गालावरून उजेड फिरला.

घासलेली चांदी कुठल्याही रसायनाने पूर्ववत होत नाही. आज मी स्वतः ग्रेडिंगची कामं घेते आणि गिऱ्हाइकाला नाव विचारायच्या आधी सांगते, घरी गेल्यावर हात लावू नका. लोकांना ते उद्धट वाटतं. वाटू दे.

त्या दिवशी काकू काउंटरपाशी उभ्या होत्या. डबीकडे न बघता पर्सची चेन उघडबंद करत होत्या. "बाकीच्या अकरांचे आकडे मीच धुतले बाई," त्या मला म्हणाल्या, काकांना ऐकू जाणार नाही अशा बेताने. "बारा वर्षं यांनी निवडली, आणि मी एका संध्याकाळी घालवली. आता जन्मभर हे काही बोलायचे नाहीत, आणि मला ते ऐकू येत राहणार."

मी काचेवरचं फडकं घडी केलं. उलगडलं. पुन्हा घडी केलं. मग काकांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने मी म्हणाले,

"काकू, तुम्ही घासायचं म्हणालात ते मी पहिल्याच दिवशी ऐकलं होतं. आणि लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी तुम्हाला एक फोन आला होता ना, कोणी बोललंच नाही? ती मी होते."